बोलण्याच्या वेगाचा लॅपटॉप

४ तारीख, बुधवार

आज नववीत फजिती झाली. बहुपदींच्या वजाबाकीची उदाहरणं चालली होती. खिडकीजवळच्या मुलीने हात वर करून काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं, "बाई, पाणी पिऊन येऊ?" मी म्हटलं, "ये, पण पटकन ये." ती बिचारी उभीच राहिली. वर्ग हसायला लागला. शेवटी शेजारणीने फळ्याकडे बोट दाखवलं तेव्हा उलगडा झाला. ती म्हणाली होती, "बाई, हे उणे कुठून आलं?"

इतका चांगला प्रश्न, आणि मी तिला पाणी प्यायला पाठवत होते.

मुलं वाईट नाहीत. हसून झाल्यावर सगळी गप्प बसली, आणि ते गप्प बसणंच जास्त लागलं. आता ती प्रश्नच विचारत नाहीत. गणिताच्या तासाला प्रश्न नसले की समजावं, वर्ग झोपलाय किंवा शिक्षक.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी बोलावलं. मुख्याध्यापक झाल्या तरी माझ्याशी त्या मैत्रिणीसारख्याच वागतात. सगळं मला नीट कळावं म्हणून कागदावर लिहून दाखवलं. लिहिलेली सहानुभूती फार ठळक दिसते. मथितार्थ असा की पालकांच्या तक्रारी आल्यात. चोवीस तारखेला त्या स्वतः माझ्या तासाला बसतील. जमतंय असं दिसलं तर ठीक, नाहीतर पुढच्या सत्रापासून मी परीक्षा विभागात टेबलावर. "पगार तोच राहील," हेही लिहिलं होतं, खाली रेघ मारून.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे काहीतरी पुटपुटले. "काय?" म्हटलं. पुन्हा पुटपुटले. पुन्हा "काय?" मग हात झटकून म्हणाले, "जाऊ दे, काही नाही." आमच्या संसारात सध्या हे एकच वाक्य मला पहिल्या फटक्यात कळतं.

६ तारीख, शुक्रवार

कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते. कानातली यंत्रं जेवढं करायचं तेवढं करताहेत, म्हणाल्या. आवाज पोचतो, शब्द सुटे होत नाहीत. जिन्यात पावलं वाजतात, पण कोण आलं ते कळत नाही, तसं. त्यांनी एक उपाय सुचवला. लॅपटॉपवर चालणारा एक प्रोग्राम आहे. तो समोरच्याचं बोलणं ऐकतो आणि पडद्यावर टाइप करतो. आपल्या भाषेतही करतो. इंटरनेट लागत नाही, सगळं काम लॅपटॉपच्या आतच होतं. हे बरं, कारण आमच्या वर्गात इंटरनेट पाहुण्यासारखं येतं आणि बसायच्या आत जातं.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर लगेच टाकून पाहिला. ह्यांना म्हटलं, "बोला काहीतरी." हे काहीतरी बोलले. पडदा कोरा. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, उकळला, गाळला, परत आले. तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटत होती: "आता काय बोलू".

अक्षरं बरोबर होती हे महत्त्वाचं. फक्त पोचायला उशीर.

म्हणजे दुखणं कळलं. ऐकून अक्षरं करायला फार हिशेब करावा लागतो आणि तो हिशेब करणारा प्रोसेसर म्हातारा आहे. नवा लॅपटॉप घ्यायला हवा. कानातल्या यंत्रांनी बचतीचा मोठा घास घेतलाय, तेव्हा भारीतला नको. स्वस्तातलाच, पण बोलण्याच्या वेगाने धावणारा.

७ तारीख, शनिवार

ह्यांचा भाचा आला होता. कॉम्प्युटरमधलं सगळं त्याला कळतं, म्हणून घरात त्याला सर्वज्ञ म्हणतात. त्याच्या तोंडावरही म्हणतात, आणि त्याला ते आवडतं.

"मामी, सात घे," तो म्हणाला. हे मात्र मला स्पष्ट कळलं, कारण तो ओरडूनच बोलतो. "प्रोसेसरचे नंबर असतात. तीन म्हणजे गरिबाचा, पाच म्हणजे मध्यमवर्गाचा, सात म्हणजे राजा. सातच्या खाली बघूच नकोस. माझ्या मित्राकडे वापरलेला आहे, अगदी तुझ्या बजेटात."

"कुठला सात? किती वर्षांचा?"

"सात म्हणजे सात गं!"

मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की नुसता आकडा लिहू नका, पुढे एकक लिहा. सात काय? सात मीटर की सात माणसं? पण उगाच वाद नको म्हणून म्हटलं, घेऊन ये. संध्याकाळी आणला. वर सातचा निळा स्टिकर झळकत होता. प्रोग्राम टाकला. आमच्या जुन्यापेक्षा बराच वेगवान, पण तरीही ह्यांचं दुसरं वाक्य संपेस्तोवर पहिलं उमटत होतं. मग त्याची माहिती उघडून वाचली. पिढी जुनी, आत कोअर, म्हणजे हिशेब करणारे, फक्त दोन. म्हणजे राजा खरा, पण दरबारात माणसंच दोन. नव्या पिढीतल्या साध्या तीनमध्येसुद्धा सहा कोअर असतात, दोन मोठे जड कामाला आणि चार छोटे वरकामाला.

सर्वज्ञ सात काखेत मारून फुरंगटून गेला.

आजची आणखी एक बातमी. ह्यांनी मिशी काढली! लग्नापासून सांभाळलेली ती झुपकेदार मिशी सफाचट. विचारलं तर खांदे उडवले. या वयात तरुण दिसायची हौस कुठून आली कोण जाणे. वरचा ओठ किती पातळ आहे ते मला आज कळलं.

९ तारीख, सोमवार

शाळा सुटल्यावर दुकानात. हे सोबत होते, कारण तपासायला बोलणारं माणूस लागतं. दुकान एक बाई चालवतात, गळ्यात दोरीला चष्मा, तो डोळ्यांवर कधीच नाही. त्यांना माझी अडचण सांगितली. त्यांनी सरळ माझ्याकडे तोंड करून, ओठ दिसतील असं, सावकाश बोलायला सुरुवात केली. अशी माणसं भेटली की निम्मं काम होतं.

ओळीने लॅपटॉप मांडलेले. प्रत्येकावर प्रोग्राम टाकायचा आणि ह्यांनी बोलायचं. बोलण्याचे विषय संपले तेव्हा हे कपडे धुण्याच्या यंत्राचं माहितीपत्रक वाचू लागले. "ओले कपडे यंत्रात जास्त वेळ ठेवू नयेत." गिऱ्हाइकं वळून बघत होती, हे घामाघूम, पण वाचत राहिले.

एक होता वहीइतका पातळ. त्याला पंखाच नाही, त्यामुळे आवाजही नाही. आत चार छोटे कोअर, वीज अगदी थोडी खाणारे. मला वाटलं होतं, हा काय धावणार! पण ह्यांच्या ओठांमागोमाग अक्षरं येत गेली. "ओले कपडे" म्हणेस्तोवर पडद्यावर ओले कपडे.

"पंखा नाही म्हणजे माइकमध्ये घरघर जाणार नाही," मी म्हटलं.

"आवाजच करत नाही हा," दुकानदारीणबाई म्हणाल्या.

"मला तर सगळेच तसे," मी म्हटलं. त्यांना हसावं की नाही ते कळेना.

घेतला. आठवड्यात न पटल्यास बदलून देईन म्हणाल्या. कशाला न पटेल!

१० तारीख, मंगळवार

आज शाळेला सुट्टी. सकाळभर घरात त्याच्याशी खेळले. कितीतरी दिवसांनी जीव हलका वाटतोय. शेजारीण येऊन बोलून गेली, तिचं सगळं कळलं. त्यात काही अर्थ नव्हता, पण कळलं.

ह्यांनी मात्र जेवणाच्या टेबलावरची जागा बदलली. खिडकीसमोरची माझी खुर्ची बळकावली आणि मला खिडकीकडे पाठ करून बसवलं. ऊन सरळ ह्यांच्या तोंडावर येतं, डोळे मिचमिचे करून जेवतात, पण खुर्ची सोडत नाहीत. माणूस वय वाढेल तसा हट्टी होतो म्हणतात ते खरं.

१२ तारीख, गुरुवार

लिहवत नाही, पण लिहिते.

नववीत लॅपटॉप घेऊन गेले. टेबलावर ठेवला, मुलांना सांगितलं, "आता मला तुमचं बोलणं वाचता येतं. विचारा." पहिली काही मिनिटं चमत्कार. त्या उणेवालीने पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि मी तिला चक्क उत्तर दिलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मग अक्षरं रेंगाळायला लागली. आधी अर्ध्या वाक्याने, मग एका वाक्याने. अर्धा तास झाला तेव्हा मुलं तिसरं उदाहरण विचारत होती आणि पडद्यावर पहिल्याचं चाललं होतं. मी पडद्याकडे बघून उत्तर द्यायचे आणि मुलं एकमेकांकडे बघायची. घंटेनंतर लॅपटॉप उचलला तर खालून तव्यासारखा तापलेला.

शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं ते बरं झालं.

१३ तारीख, शुक्रवार

कारण सापडलं. पंखा नसलेला प्रोसेसर सुरुवातीला दमदार पळतो, पण तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. दुकानात आपण पाच मिनिटं पाहतो. वर्ग पाच मिनिटांचा नसतो. चूक त्याची नाही. त्याचं काम पत्रं लिहायचं, चित्रपट बघायचं. मी शंभर मीटर धावणाऱ्याला डोंगर चढायला लावलं.

हे सगळं समजून घेतलं तरी उभारी येत नाही. दिवसभर परीक्षा विभागातलं ते टेबल डोळ्यांसमोर. तिथे खिडकी आहे, शांतता आहे, कुणी काही विचारत नाही. कदाचित माझ्यासाठी तेच योग्य असेल.

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले तर हे कोपऱ्यात पाठमोरे उभे. हातात मोबाइल धरून बोलत होते, हातवारे करत, थांबत, पुन्हा बोलत. मला पाहून खिशात टाकला. हे तसे फोनवर बोलणारे नाहीत. नणंदेशीच बोलत असणार, माझ्याविषयी. बहिणीपाशी मन मोकळं करतात आणि माझ्यापाशी "जाऊ दे". विचारायची हिंमत झाली नाही. उत्तर कळलं नसतं तर पुन्हा विचारावं लागलं असतं.

१४ तारीख, शनिवार

हेच सकाळी लॅपटॉपची पिशवी घेऊन दारात उभे. बुटात पाय घालून. मी म्हटलं, "राहू द्या, नाही जमायचं." त्यांनी मान हलवली, आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "बदलून आणू. चल."

दुकानदारीणबाईंनी कुरकूर न करता तो परत घेतला. या वेळी मी म्हटलं, "मला पूर्ण तासभर तपासू द्या. मी इथे बसून शिकवते."

"कुणाला?"

"तुम्हाला."

त्या हसल्या, पण बसल्या. चष्मासुद्धा डोळ्यांवर चढवला. जाड बांध्याचा, पंख्याचा, नव्या पिढीतला तीन पुढ्यात ठेवला, दोन मोठ्या कोअरवाला. दिसायला अगदी ठोकळा. मी त्यांना त्रैराशिक शिकवलं, त्यांनी शंका काढल्या. बाई हुशार निघाल्या, शंका खऱ्या होत्या. मधे गिऱ्हाईक आलं की उठून जायच्या, तेवढ्यात हे माहितीपत्रक हातात घ्यायचे.

ठोकळा तापला, पंखा फिरला, पण वेग ढळला नाही. फक्त अक्षरं एखाद्या शब्दाने मागे. बाईंनी मागचं झाकण उघडून पाहिलं. आत मेमरीची एकच पट्टी होती. "जोडीने दुसरी टाकली की प्रोसेसरला माहिती दोन्हीकडून मिळते," त्या म्हणाल्या. टाकली. तो शब्दसुद्धा भरून निघाला! मग मी चार्जरची वायर उपटली. लगेच सुस्तावला, वीज वाचवायला लागला. ती सेटिंग शोधून बदलली, पुन्हा पळायला लागला. वर्गातला प्लग दाराआड आहे, तिथपर्यंत वायर जात नाही, म्हणून हे बघून घेणं भाग होतं.

निघताना बाई म्हणाल्या, "त्रैराशिक शाळेत असताना मला कधी कळलं नव्हतं." मी घरापर्यंत हसत आले.

१६ तारीख, सोमवार

नवी भानगड. पंखा फिरायला लागला की लॅपटॉपच्या माइकला वाटतं, कुणीतरी बोलतंय. मुलं चिडीचूप उदाहरण सोडवत असताना पडद्यावर उमटतं, "धन्यवाद. धन्यवाद. धन्यवाद." मी दचकले. मग वर्गाला दाखवलं. हसून हसून मुलांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. या हसण्याचा त्रास झाला नाही.

उणेवाली म्हणाली, "बाई, माइक लॅपटॉपमधला कशाला? वेगळा घ्या ना, कॉलरला लावतात तसला. आम्ही एकमेकांच्या हातात देत राहू." खरंच की! पंख्यापासून माइक लांब, मुलांच्या तोंडाजवळ. वाटेत दुकानातून बिनवायरीचा एक छोटासा आणलाच.

१८ तारीख, बुधवार

माइक वर्गात फिरतोय. ज्याच्या हातात माइक त्यानेच बोलायचं, असा नियम मुलांनी आपसूक केला. आजवर ओरडून जी शिस्त लागली नाही ती सुपारीएवढ्या वस्तूने लावली. "समीकरण" हा शब्द मात्र प्रोग्राम "सामी करण" असा लिहितो, म्हणून वर्गात आता सामी नावाचा एक अदृश्य विद्यार्थी आहे. चूक झाली की सगळे म्हणतात, सामीने केली.

२० तारीख, शुक्रवार

आज टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि हे समोर बसले होते, उन्हात तोंड करून. धीर करून विचारलं, "गच्चीवर कुणाशी बोलता हो?"

ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग ओठ हलले आणि पडद्यावर आलं: "कोणाशी नाही. तुझ्याशी बोलायचा सराव करतो. मोबाइलवर तसलाच प्रोग्राम घेतलाय. माझं रोजचं पुटपुटणं त्याला कळत नव्हतं. मी शब्द खातो. तुझ्या कानाचा दोष आहे असं मी वर्षभर समजत होतो."

मी दोनदा वाचलं. डोळे भरल्यामुळे तिसऱ्यांदा वाचता आलं नाही.

"आणि मला वाटलं, ताईंना सांगताय माझ्याबद्दल."

"ताई मला बोलू देते का कधी?" पडदा म्हणाला. हेही खरंच.

मग बऱ्याच गप्पा झाल्या. बोलता बोलता विचारलं, "आणि ती मिशी हो?"

"उकडत होतं," हे म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. असेल बाई. यंदा उकाडा आहेच.

२३ तारीख, सोमवार

उद्या. लॅपटॉप चार्ज केलाय, माइकही केलाय, पाठ काढलाय. 

२४ तारीख, मंगळवार

झालं. क्रमाने लिहिते, नाहीतर आनंदात सगळं एकत्र होईल.

मोठ्या बाई शेवटच्या बाकावर बसल्या. मी दोन ऋण संख्यांच्या गुणाकाराची उजळणी घेतली, मुद्दाम, कारण त्यात प्रश्न हमखास येतात. आलेच. "बाई, दोन उणे मिळून अधिक कसं होतं?" "बाई, मग तीन उणे असले तर?" माइक या बाकावरून त्या बाकावर, अक्षरं त्याच्या मागोमाग, माझी उत्तरं अक्षरांच्या मागोमाग. मधेच लक्षात आलं की मी पडद्याचा विचारच करत नाहीये, नुसती शिकवतेय.

शेवटी मोठ्या बाईंनी जागेवरूनच काहीतरी विचारलं. माइक पुढच्या रांगेत होता. पडद्यावर काहीच आलं नाही. माझ्या हातातला खडू थांबला. वाटलं, संपलं.

इतक्यात उणेवाली उठली. पुढच्या मुलाच्या हातातून माइक घेतला, थेट शेवटच्या बाकापर्यंत गेली आणि मोठ्या बाईंसमोर धरला. पडद्यावर तिचं वाक्य उमटलं: "मोठ्या बाई, यात बोला ना. आमच्या वर्गात असंच बोलतात."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग माइक हातात घेतला आणि शहाण्या मुलीसारखा प्रश्न पुन्हा विचारला: "शून्याला ऋण संख्येने गुणलं तर काय येईल?"

"सामीला विचारा!" कुणीतरी मागून ओरडलं. तेवढं माइकशिवायही कळलं.

तास संपल्यावर मुलं गेली. मोठ्या बाई तशाच बसून होत्या. कागद शोधायला पर्समध्ये हात घातला, मग आठवलं आणि माइक उचलला. "पुढच्या सत्रातही नववी तुमचीच," पडद्यावर आलं. "दहावीही घ्याल का? आणि हे यंत्र शिक्षकांच्या बैठकीलाही आणा. तिथे एका वेळी एक कुणीच बोलत नाही."

पायऱ्या उतरताना गुडघेसुद्धा दुखले नाहीत.

२९ तारीख, रविवार

आज आम्ही भांडलो. कडाक्याचं, मनसोक्त भांडलो.

झालं असं की ह्यांनी आमचा जुना लॅपटॉप मला न विचारता सर्वज्ञाला देऊन टाकला. त्यात माझ्या सगळ्या जुन्या प्रश्नपत्रिका! मी टेबलावर नवा उघडून ठेवला आणि सुरुवात केली. हे म्हणाले, अडगळ होती. मी म्हटलं, अडगळ कोण ते ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? हे म्हणाले, तू वर्षभर उघडला नव्हतास. मी म्हटलं, याच महिन्यात उघडला होता, तुमच्यासमोर! मागच्या वर्षात एकही भांडण पुरं झालं नव्हतं, सगळी "काय?" वर येऊन मेली होती. आज मात्र शब्दाला शब्द. ह्यांचा आवाज चढला तशी अक्षरं भराभर येत गेली, ठोकळ्याचा पंखा भणभणायला लागला, पण एक शब्द मागे पडला नाही.

शेवटी हे तडकून म्हणाले, "तू कधी ऐकून घेतेस का?"

वाक्य पडद्यावर आलं. ह्यांनी ते वाचलं आणि चेहरा पांढराफटक पडला. हात पुढे आला, लॅपटॉप मिटायलाच बहुतेक.

"नाही घेत!" मी म्हटलं. "ऐकू येत होतं तेव्हा तरी कुठे घेत होते?"

ह्यांच्या पातळ ओठांचा एक कोपरा हलला, मग दुसरा. मग आम्ही दोघं इतके हसलो की शेजारीण दार वाजवायला आली. तिला वाटलं भांडण हातघाईवर आलंय. तिला चहा पाजून वाटेला लावलं आणि पुन्हा भांडणाकडे वळलो, कारण लॅपटॉप खरोखरच मला विचारून द्यायला हवा होता.